मेश्राम आडनावाचे पहिले वीस

नागपुरातील एका खासगी रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीपाशी मी एकदा तासभर नुसता उभा होतो. तेथील संगणकप्रणाली मीच लिहिलेली होती आणि एकाच रुग्णाची दोन-दोन, तीन-तीन कार्डे का निघतात, हे मला माझ्या टेबलावर बसून उमगत नव्हते. काटोलकडून आलेले एक वृद्ध गृहस्थ खिडकीशी आले. आतल्या बाईंनी आडनाव विचारले, त्यांनी ‘मेश्राम’ सांगितले. बाईंनी ते टाइप केले, यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि त्या म्हणाल्या, “काकाजी, तुमचं नाव नाही दिसून राहिलं. नवीन कार्ड काढून देऊ का?” काकाजी म्हणाले, “अवो बाई, मागच्या दिवाळीपासून येऊन राहिलो ना मी. जुनी फाइल आहे माही.” फाइल होतीच. डेटाबेसमध्ये त्यांची नोंदही होती. मात्र पडद्यावर जे वीस मेश्राम दिसत होते त्यांत ती नव्हती, आणि यादी विसावर तोडलेली आहे हे बाईंना कोणी सांगितलेले नव्हते. तोडणारा मी होतो.

शोधातून परत येणाऱ्या नोंदींवर मर्यादा घालणे हे प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या दृष्टीने दोन शब्दांचे काम आहे. क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला लिहून विचारलेल्या प्रश्नाच्या, शेवटी ‘लिमिट 20’ एवढे लिहिले की झाले. काम इतके लहान आहे की त्याचा वेगळा विचार सहसा कोणी करत नाही. मीही केला नव्हता. पण त्या दोन शब्दांआड तीन निरनिराळे प्रश्न दडलेले असतात: किती नोंदी द्यायच्या, त्या कोणत्या द्यायच्या आणि बाकीच्या आहेत हे समोरच्याला कळवायचे की नाही. ‘लिमिट 20’ यांपैकी फक्त पहिल्याचे उत्तर देते. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे आपण दिली नाहीत, तर दुसऱ्याचे उत्तर डेटाबेस स्वतःच्या सोयीने ठरवतो आणि तिसऱ्याचे उत्तर कोणीच देत नाही.

मुळात मर्यादा हवीच कशाला, हे आधी पाहू. समजा, रुग्णालयाच्या टेबलात, म्हणजे डेटाबेसमधल्या नोंदींच्या तक्त्यात, 4 लाख नोंदी आहेत आणि नाव, पत्ता, फोन, तारखा मिळून प्रत्येक नोंद साधारण 500 बाइटची आहे. सगळ्या नोंदी मागितल्या, तर 20 कोटी बाइट, म्हणजे सुमारे 200 मेगाबाइट माहिती सर्व्हरवरून खिडकीतल्या संगणकाकडे निघते. दोघांमधली तार सेकंदाला 10 मेगाबिट वाहून नेणारी असेल, तर नुसत्या वाहतुकीलाच 160 सेकंद, म्हणजे पावणेतीन मिनिटांच्या आसपास वेळ लागेल. त्यानंतर ब्राउझरने त्या 4 लाख ओळी पडद्यावर मांडायच्या, आणि त्याने तसा प्रयत्न केलाच तर बहुधा तो तिथेच मान टाकेल. सकाळी दहाला चार खिडक्या उघड्या असतात आणि चारही जणींनी एकाच वेळी रिकामा शोध दाबला, तर सर्व्हरची मेमरी आणि जाळे दोन्ही याच कामात गुंतून पडतात. पलीकडे औषधांच्या काउंटरवर बिल निघत नाही. एवढे करून खिडकीतल्या बाई वाचणार पहिल्या पंधरा-वीस ओळीच.

ही छाटणी कुठे करायची, यावरही पुष्कळ अवलंबून असते. नवशिके लोक, आणि घाईत असलेले जुनेही, सगळ्या नोंदी डेटाबेसकडून मागवून घेतात आणि मग आपल्या प्रोग्राममध्ये त्यांतल्या पहिल्या 20 ठेवून बाकीच्या टाकून देतात. पडद्यावर परिणाम तोच दिसतो, पण चव पाहण्यासाठी पाच संत्री हवी असताना कळमन्याच्या बाजारातून अख्खा ट्रक घरापुढे आणून रिकामा करण्यासारखा हा प्रकार आहे. मर्यादा क्वेरीतच लिहिली, तर डेटाबेसला आरंभापासून ठाऊक असते की आपल्याला 20 च द्यायच्या आहेत, आणि त्या मिळताच तो बहुतेक वेळा काम थांबवू शकतो. हे ‘बहुतेक वेळा’ मी जाणूनबुजून लिहिले आहे. त्याकडे पुढे येतो.

आता मेश्रामांकडे वळू. वीस नोंदी आल्या हे ठीक, पण नेमक्या त्याच वीस का आल्या?

आज आपण वापरतो ते बहुतेक डेटाबेस ज्या कल्पनेवर उभे आहेत, ती एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना 1970 साली मांडली. माहिती टेबलांत ठेवायची, आणि टेबल म्हणजे गणितातल्या अर्थाने ओळींचा संच. संचाला क्रम नसतो. पिशवीतल्या गोट्यांमध्ये ‘पहिली गोटी’ असे काही नसते, तसेच टेबलात ‘पहिली ओळ’ नसते. आपण क्रम मागितला, म्हणजे ‘ऑर्डर बाय’ लिहून कोणत्या कॉलमप्रमाणे लावायचे ते सांगितले, तरच पहिली, दुसरी, विसावी या शब्दांना अर्थ येतो. क्रम न सांगता ‘लिमिट 20’ लिहिणे म्हणजे पिशवीत हात घालून हाताला लागतील त्या वीस गोट्या काढण्यास सांगणे होय. काढणारा खोटेपणा करत नाही. आपणच त्याला काही सांगितलेले नसते.

गोंधळ वाढतो तो यामुळे, की हाताला लागणाऱ्या गोट्या पुष्कळदा दररोज त्याच असतात आणि त्यामुळे काही क्रम आहे असा भास होतो. मायएसक्यूएल या डेटाबेसचे नेहमीचे इंजिन इनोडीबी ओळी प्राथमिक किल्लीच्या, म्हणजे प्रायमरी कीच्या क्रमाने साठवते; आडनावावर वेगळा इंडेक्स, म्हणजे त्या कॉलमच्या क्रमाने लावलेली सूची, केलेला असेल, तर त्या इंडेक्समध्ये एकाच आडनावाच्या नोंदी पुन्हा त्याच किल्लीच्या क्रमाने एकाखाली एक बसतात. रुग्णालयातील प्रणालीत किल्ली म्हणजे नोंदणी क्रमांक, तो रोज वाढत जाणारा. त्यामुळे ‘मेश्राम’ टाइप केले की सगळ्यांत जुने वीस मेश्राम येत होते, दर वेळी तेच. त्यांतले काही गेल्या कित्येक वर्षांत रुग्णालयाकडे फिरकलेले नव्हते. मागच्या दिवाळीत नोंदलेले काकाजी या यादीत बसणे शक्यच नव्हते आणि नवे मेश्राम तर कधीच बसणार नव्हते. विरळ आडनावाच्या रुग्णांना ही अडचण आली नाही, कारण ते मुळात विसांच्या आत होते. म्हणूनच चाचणीच्या काळात, टेबलात मोजून दोनेकशे नोंदी असताना, हा दोष मला दिसला नव्हता.

पोस्टग्रेसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये हाच भास वेगळ्या तऱ्हेने मोडतो. तेथे एखादी ओळ बदलली की जुन्या ओळीवर लिहिले जात नाही. तिची नवी आवृत्ती जिथे जागा असेल तिथे ठेवली जाते. परिणामी काल वर दिसणारी नोंद आज फोन नंबर सुधारल्यावर खाली गेलेली असू शकते. याहून गमतीचा प्रकार मोठ्या टेबलांबाबत घडतो. एक क्वेरी संपूर्ण टेबल वाचत निघालेली असेल आणि तेवढ्यात दुसरीही तेच टेबल वाचायला आली, तर पोस्टग्रेसक्यूएल दुसरीला आरंभाला न पाठवता पहिली जिथे पोहोचली आहे तिथूनच सोबत चालवतो आणि राहिलेला आरंभीचा भाग शेवटी वाचून घेतो, म्हणजे डिस्कवरचे वाचन एकदाच होते. युक्ती उत्तम आहे. मात्र क्रम न सांगता ‘लिमिट 20’ मागणाऱ्याला त्यामुळे सकाळी एक वीस आणि दुपारी दुसरेच वीस मिळू शकतात, आणि मग ‘प्रोग्राम बिघडला’ अशी तक्रार येते. प्रोग्राम बिघडलेला नसतो. तो आधीपासूनच अपुरा लिहिलेला असतो.

ही मर्यादा लिहायची कशी, याबाबत डेटाबेस बनवणाऱ्यांमध्ये फार काळ एकवाक्यता नव्हती. एसक्यूएल या क्वेरी लिहिण्याच्या भाषेचे पहिले मानक 1986 सालचे. त्यात नोंदींची संख्या मर्यादित करण्याची सोयच नव्हती, म्हणून ज्याने त्याने आपापली चूल मांडली. मायएसक्यूएल, पोस्टग्रेसक्यूएल आणि एसक्यूलाइट यांत क्वेरीच्या शेवटी ‘लिमिट’ येते. एसक्यूएल सर्व्हर आणि अ‍ॅक्सेसमध्ये ‘सिलेक्ट’च्या लगेच पुढे ‘टॉप 20’ लिहितात. ओरॅकलमध्ये ‘रोनम’ नावाचा एक आभासी कॉलम आहे आणि त्याच्यावर अट घालावी लागे. ‘फेच फर्स्ट 20 रोज ओन्ली’ हे लांबलचक पण सर्वमान्य रूप मानकात आले ते थेट 2008 मध्ये. एसक्यूएल सर्व्हरने त्याच्याशी जुळणारी सोय 2012 च्या आवृत्तीत दिली आणि ओरॅकलने 2013 च्या 12सी या आवृत्तीत. एसक्यूएल सर्व्हरने यात एक शहाणपण केले, ते असे की ‘ऑर्डर बाय’ लिहिल्याशिवाय हे नवे रूप तो स्वीकारतच नाही.

ओरॅकलच्या रोनमने जितके लोक फसवले तितके क्वचितच दुसऱ्या कशाने फसवले असतील, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबू. सर्वाधिक थकबाकी असलेले दहा ग्राहक हवे आहेत, म्हणून कोणी लिहितो: रोनम 10 किंवा त्याहून कमी असावा आणि थकबाकीच्या उतरत्या क्रमाने लावावे. वाचताना सगळे बरोबर वाटते. पण रोनम क्रम लावण्याच्या आधीच दिला जातो. त्यामुळे ओरॅकल हाताला लागलेले कोणतेही दहा ग्राहक उचलतो आणि मग त्या दहांना थकबाकीप्रमाणे नीटनेटके उभे करतो. यादी उतरत्या क्रमात असल्यामुळे पाहणाऱ्याला शंकाही येत नाही, आणि वसुलीचा माणूस भलत्याच लोकांच्या दारात जातो. योग्य मार्ग म्हणजे आधी आतल्या क्वेरीत क्रम लावून घ्यायचा आणि बाहेरून रोनमची अट घालायची. ‘रोनम 5 पेक्षा मोठा’ अशी अट घातली तर एकही ओळ येत नाही, हेही असेच चकवते. पहिल्या उमेदवार ओळीला 1 क्रमांक मिळतो, ती अटीत नापास होते, मग पुढच्या ओळीला पुन्हा 1 च मिळतो, तीही नापास होते आणि हे टेबल संपेपर्यंत चालते.

मायएसक्यूएलचा एक किरकोळ चटका असा की ‘लिमिट 40, 20’ याचा अर्थ 40 सोडून पुढच्या 20 असा आहे. 40 नोंदी हव्यात असे समजून लिहिणारे मी पाहिले आहेत, म्हणून दोन आकडे एकत्र लिहिण्यापेक्षा ‘लिमिट 20 ऑफसेट 40’ असे सुटे लिहावे.

क्रम आणि मर्यादा दोन्ही सांगितल्यावर डेटाबेस काम कसे करतो, हे समजून घेण्यासारखे आहे. समजा, कळमन्यातील एका अडत्याच्या खात्यात हंगामातील 50,000 सौद्यांची नोंद आहे आणि त्याला सर्वाधिक भाव मिळालेले दहा सौदे पाहायचे आहेत. पन्नास हजार सौदे भावाप्रमाणे पूर्ण लावून वरचे दहा घेणे, हा एक मार्ग झाला. पण कोणताही व्यवहारी मुनीम असे करणार नाही. तो कागदावर दहा जागा आखेल, पहिले दहा सौदे त्यांत लिहील आणि मग पुढचा प्रत्येक सौदा त्या दहांतल्या सगळ्यांत कमी भावाशी ताडून पाहील. कमी असेल तर सोडून देईल, जास्त असेल तर त्या खालच्याला खोडून याला बसवील. वही एकदाच चाळून होते आणि हातात कायम दहाच नावे राहतात. पोस्टग्रेसक्यूएलही असेच करतो. त्याच्या कामाचा आराखडा मागितला तर त्यात या पद्धतीचे नाव ‘टॉप-एन हीपसॉर्ट’ असे छापून येते. भावाच्या कॉलमवर इंडेक्स असेल तर तेवढेही नको. इंडेक्स आधीच क्रमाने लावलेला असतो. त्याच्या वरच्या टोकापासून दहा नोंदी उचलायच्या आणि थांबायचे. पन्नास हजार असोत की पाच कोटी, काम जवळजवळ तितकेच.

आणि आता ते ‘बहुतेक वेळा’. मर्यादा बाहेर येणाऱ्या नोंदींवर असते. आतल्या श्रमांवर तिचा अंमल असतोच असे नाही. प्रत्येक गावच्या रुग्णांची संख्या मोजून वरची पाच गावे दाखवायची असतील, तर सगळे टेबल मोजून झाल्याशिवाय वरची पाच कोणती हे कळणारच नाही. ‘लिमिट 5’ लिहिल्याने फक्त शेवटची छपाई वाचते. दुसरा प्रकार अधिक छुपा आहे. समजा, आडनावावर इंडेक्स नाही, शेवटच्या भेटीच्या तारखेवर मात्र आहे आणि आपण सर्वांत अलीकडे आलेले वीस मेश्राम मागितले. डेटाबेस तारखेच्या इंडेक्सवर आजपासून मागे चालू लागतो, वाटेत भेटेल तो मेश्राम उचलतो आणि वीस झाले की थांबतो. आमच्याकडे मेश्राम मुबलक असल्यामुळे हे चटकन होते. पण त्याच क्वेरीत असे आडनाव टाका, ज्याची साऱ्या टेबलात तीनच माणसे आहेत. वीस कधी भरणारच नाहीत. म्हणून डेटाबेस अगदी पहिल्या दिवसापर्यंत सगळी नोंद पालथी घालतो आणि शेवटी तीन ओळी हातावर ठेवतो. जितके उत्तर लहान तितका वेळ जास्त, हा उफराटा अनुभव येतो आणि तो न उमगल्यामुळे लोक सर्व्हर महाग घेतात. आडनाव आणि तारीख या दोन्हींचा मिळून एक इंडेक्स केला की हा प्रश्न मिटतो.

समान किमतींचा प्रश्नही इथेच येतो. पहिल्या दहा गुणवंतांची यादी लावायची आहे आणि दहाव्या व अकराव्या विद्यार्थ्याला सारखेच गुण आहेत. ‘लिमिट 10’ त्यांतल्या एकाला यादीत घेईल आणि दुसऱ्याला बाहेर ठेवील, आणि कोणाला घेतले याचे कारण विचारले तर द्यायला कारणच नसते. अशा वेळी ‘विथ टाइज’ ही सोय वापरतात. दहाव्याच्या बरोबरीचे जेवढे असतील तेवढे सगळे येतात, मग यादी बारांचीही होऊ शकते. एसक्यूएल सर्व्हर आणि ओरॅकलमध्ये ती आहे, पोस्टग्रेसक्यूएलने 2020 च्या 13व्या आवृत्तीत ती दिली, आणि अ‍ॅक्सेसचा ‘टॉप’ तर न सांगताच बरोबरीचे सगळे देतो, ज्यामुळे दहा मागून बारा आल्याची तक्रार करणारे वेगळेच. जिथे संख्या पक्कीच हवी, तिथे क्रमाच्या शेवटी एखादा कधीही सारखा न येणारा कॉलम, म्हणजे नोंदणी क्रमांकासारखे काही, जोडावे. गुणवत्ता यादीत मात्र असे करू नये. तिथे तो कोणावर तरी अन्याय ठरतो.

वीस दाखवले की पुढचे वीस मागणारा येतोच. त्यासाठी ‘ऑफसेट’ असते: दुसऱ्या पानासाठी 20 सोडा, तिसऱ्यासाठी 40 सोडा. पहिल्या चार-पाच पानांपुरते हे चांगले चालते. पण ‘सोडा’ म्हणजे न वाचता उडी मारा असे नव्हे. पाचशेवे पान मागितले, तर डेटाबेस 10,000 नोंदी क्रमाने गाठतो, त्यांतल्या 9,980 टाकून देतो आणि उरलेल्या 20 आपल्याला देतो. दुसरी अडचण अधिक बोचरी आहे. यादी नव्यापासून जुन्याकडे लावलेली आहे आणि सकाळच्या गर्दीत, आपण पहिले पान वाचत असताना, तीन नवे रुग्ण नोंदले गेले. सगळी यादी तीन घरे खाली सरकली. आपण दुसरे पान उघडतो तेव्हा पहिल्या पानावरचे शेवटचे तिघे पुन्हा समोर येतात. उलट, दरम्यान पहिल्या पानावरील तीन नोंदी खोडल्या गेल्या असतील, तर तीन माणसे दोन पानांच्या फटीतून गळून पडतात आणि ती कोणालाच दिसत नाहीत. पुन्हा दिसलेले लक्षात येते. गळलेले लक्षात येत नाही.

यावरचा उपाय आपल्याकडे पोथी वाचणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ते रोज पहिल्या पानापासून पाने मोजत बसत नाहीत. जिथे थांबले तिथे मोरपीस ठेवतात. डेटाबेसमध्ये मोरपीस म्हणजे शेवटी दिसलेल्या नोंदीची किंमत. ‘40 सोडून पुढच्या 20’ असे न म्हणता ‘अमुक तारखेच्या आधीच्या, आणि तारीख तीच असेल तर अमुक क्रमांकाच्या आधीच्या 20’ असे मागायचे. इंडेक्स असला की डेटाबेस थेट त्या जागी उतरतो. पान दुसरे असो की पाचशेवे, श्रम सारखेच. वर नव्या नोंदी आल्या तरी आपली खूण हलत नाही. तारखेसोबत क्रमांक घेणे मात्र विसरू नये, कारण एका तारखेला शंभर जण आलेले असतात आणि नुसत्या तारखेची खूण ठेवली तर त्या दिवसाचे उरलेले सगळे निसटतात. या पद्धतीत ‘थेट 37व्या पानावर जा’ असे बटण देता येत नाही. खिडकीतल्या बाईंना मी ते बटण कधी दाबताना पाहिलेले नाही.

आतापर्यंतच्या मर्यादा आपण स्वतः घातलेल्या होत्या. काही मर्यादा आपण न मागताही लागू असतात. मोठ्या कार्यालयांत कर्मचाऱ्यांची नावे आणि लॉगिन सांभाळणारी अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी एका शोधाला मुळात 1,000 नोंदीच देते. त्याच कामाच्या ओपनएलडॅप या मुक्त प्रणालीत हा आकडा 500 आहे. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीकडून पूर्ण यादी हवी तर पानापानाने मागावी लागते आणि त्यासाठीची रीत 1999 सालापासून ठरलेली आहे. या प्रणालींची मला एक गोष्ट आवडते: मर्यादा ओलांडली की उत्तरासोबत त्या 4 हा निकाल-संकेत पाठवतात, ज्याचा अर्थच ‘आकाराची मर्यादा ओलांडली’ असा आहे. दुर्दैवाने मधले अनेक प्रोग्राम तो संकेत गिळून टाकतात आणि 1,000 नावे गुपचूप पुढे देतात. मग एखाद्या कार्यालयात सर्व कर्मचाऱ्यांची यादी काढली जाते, ती नेमकी 1,000 निघते आणि कोणी भुवई उंचावत नाही. मोजणीत 100, 500, 1,000 किंवा 10,000 असा गोल आकडा आला की माझा हात आता आपोआप थबकतो. खऱ्या जगात माणसे इतक्या गोल संख्येने क्वचितच जमतात.

शोधयंत्र म्हणून वापरले जाणारे इलॅस्टिकसर्च काही सांगितले नाही तर 10 उत्तरे देते, आणि सोडलेल्या व मागितलेल्या नोंदी मिळून 10,000 च्या पलीकडे जाऊ लागल्या की सरळ नकार देते. पुढे जायचे असेल तर मोरपिसाचीच पद्धत वापरा, असे सुचवते. एकूण जुळणाऱ्या नोंदी किती, हेही ते सातव्या आवृत्तीपासून 10,000 पर्यंतच नेमके मोजते आणि त्यापुढे ‘निदान इतक्या तरी’ असे सांगते. मला हे प्रामाणिकपणाचे वाटते. ‘एकूण 38,412 पैकी 1 ते 20’ असे लिहायला छान दिसते, पण तो 38,412 काढण्यासाठी डेटाबेसला दर वेळी सगळ्या जुळणाऱ्या नोंदी मोजाव्या लागतात, म्हणजे मर्यादा घालून वाचवलेले श्रम मागच्या दाराने परत येतात.

मग अधिक नोंदी आहेत, हे स्वस्तात कळवायचे कसे? त्याची युक्ती अगदी घरगुती आहे. वीस दाखवायचे असतील तर एकवीस मागायचे. एकविसावी नोंद आली, तर ती दाखवायची नाही. फक्त तिच्या येण्यावरून ‘आणखी आहेत’ हे समजून घ्यायचे. आली नाही, तर यादी पूर्ण आहे, असे छातीठोकपणे सांगता येते. एका जादा ओळीचा खर्च नगण्य असतो.

एक सावधगिरी संकेतस्थळे लिहिणाऱ्यांसाठी. किती नोंदी हव्यात हा आकडा पत्त्याच्या ओळीतून येत असेल, तर कोणीतरी 20 च्या जागी 20 लाख लिहून पाहणारच. सर्व्हरने स्वतःची कमाल मर्यादा ठेवावी आणि तिच्यावरची मागणी तिथेच अडवावी. मात्र याला सुरक्षा समजू नये. वीस-वीस करून सगळी माहिती नेणाऱ्याला ही मर्यादा फक्त उशीर लावते.

रुग्णालयातील प्रणाली मी त्याच आठवड्यात दुरुस्त केली. शोधाला क्रम दिला: शेवटची भेट सर्वांत अलीकडची, ती प्रथम, आणि तारीख सारखी असेल तर नोंदणी क्रमांक. आडनाव आणि शेवटची भेट यांचा एकत्र इंडेक्स केला. एकवीस मागून वीस दाखवू लागलो, आणि एकविसावी आली की यादीच्या वरच्या बाजूला, खाली नव्हे, पिवळ्या पट्टीत ओळ येऊ लागली: ‘या आडनावाचे आणखी रुग्ण आहेत. पहिले नाव, गाव किंवा मोबाइल नंबर टाका.’ वरच्या बाजूला अशासाठी, की खालची ओळ वाचायला पडदा सरकवावा लागतो आणि रांग लागलेली असताना तो कोणी सरकवत नाही. काही दिवसांनी गेलो, तेव्हा खिडकीतल्या बाई पडद्याकडे न पाहताच विचारत होत्या, “मेश्राम काय? गाव कोणतं, काकाजी?”

आधी निघालेल्या जोडकार्डांचे काम मात्र अजून चालू आहे. नाव, गाव आणि वय जुळले म्हणजे माणूस तोच, असे प्रोग्रामला ठरवू देता येत नाही. काटोल तालुक्यात एकाच नावाचे दोन चुलतभाऊ एकाच वर्षी जन्मलेले सापडले, आणि एकाला मधुमेह आहे, दुसऱ्याला नाही. म्हणून संशयित जोड्यांची यादी मी दर सोमवारी छापून देतो. त्या यादीलाही मर्यादा आहे, आठवड्याला 25 जोड्या, कारण त्याहून जास्त फाइली रेकॉर्ड रूममधून काढून ताडून पाहणे तिथल्या दोन माणसांना जमत नाही. क्रम शेवटच्या भेटीचा आहे, आणि यादीच्या वर लिहिलेले असते: आणखी आहेत.